खेळांतलें विमान

मासिकाच्या या पानांवर नाटक, कादंबरी किंवा कवितासंग्रह यांच्याऐवजीं संगणकावरील खेळांतल्या एका विमानाचें परीक्षण पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. त्यांना एवढेंच सांगावयाचें आहे कीं, अनुकरण हा वाङ्मयाचा जुना प्रश्न आहे, आणि मराठींत त्याचा खल पुष्कळ झालेला असला तरी तो बहुधा पुस्तकांच्याच आश्रयानें झालेला आहे. मूळ वस्तूशीं इमान राखणें म्हणजे काय, तपशिलाची भर किती घातली म्हणजे चित्र खरें होतें, आणि खरें दिसणें व खरें असणें यांत अंतर कोठें पडतें, ह्या गोष्टी जिच्यांत प्रत्यक्ष पडताळून पाहतां येतात अशी एक कृति आमच्या पाहण्यांत आली. ती कागदावर नाहीं एवढ्याच कारणानें तिला दाराबाहेर उभी ठेवणें आम्हांला प्रशस्त वाटत नाहीं.

ही कृति म्हणजे ‘ए-३२-एनएक्स’ या नांवाची, एअरबस ए-३२० निओ जातीच्या प्रवासी विमानाची प्रतिकृति. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजीं बाहेर पडला. फ्रान्समधील बोर्दो येथील असोबो स्टुडिओनें तो तयार केला, आणि त्यांत या जातीचें एक विमान आरंभापासून होतेंच. परंतु तें बरेंचसें पोकळ होतें. बाहेरून पाहावें तर पंखांच्या वर वळलेल्या टोकांपर्यंत सगळें जेथल्या तेथें. आंत बसून कळा दाबाव्या तर त्यांतल्या पुष्कळ मुक्या. फ्लायबायवायर या नांवाखालीं एकत्र आलेल्या हौशी मंडळींनीं तेंच विमान हातीं घेतलें, आणि जुन्या घराचा एकेक वासा काढून त्या जागीं नवा घालावा त्याप्रमाणें त्याचें एकेक अंग बदलीत नेलें. विमान फुकट मिळतें. आणि ज्या आज्ञावलीवर तें चालतें ती कोणीही वाचावी, कोणीही पालटावी, अशा परवान्यानें खुली ठेवलेली आहे.

आम्ही रत्नागिरीस राहतों. मिरजोळ्याच्या पठारावर धावपट्टी आहे, तेथें तटरक्षक दलाचा तळ आहे. परंतु मोठें प्रवासी विमान म्हणजे आम्हां रत्नागिरीकरांना बहुतेक काळ आकाशांतली एक पांढरी रेघच. मांडवीच्या बंदरावर सायंकाळीं उभें राहिलें असतां ती रेघ किनाऱ्याच्या अनुरोधानें दक्षिणेकडे लांबत जातांना दिसते, आणि पाहतां पाहतां फिसकटून जाते. मूळ वस्तूशीं आमचा निकटचा परिचय म्हणावा तर मुंबईहून केलेल्या चार-दोन प्रवासांचा. हें मुद्दाम सांगण्याचें कारण, आम्ही येथें वैमानिकाच्या अधिकारानें बोलत नाहीं. शेजारच्या एका तरुणाच्या घरीं पावसाळ्यांतल्या पुष्कळशा संध्याकाळीं बसून आम्हीं ही प्रतिकृति पाहिली, तिच्याविषयीं वाचलें, आणि मग एखाद्या ग्रंथाविषयीं मत बनवावें तसें हें मत बनविलें.

जमिनीवर बसून उडण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत एडविन लिंक यानें १९२९ सालीं वैमानिकांना शिकविण्याकरितां एक ठेंगणें, जागच्या जागीं डोलणारें विमान तयार केलें. त्याच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि यांत्रिक पियानो करण्याचा. तेव्हां विमान डोलविण्यासाठीं त्यानें घरचे भातेच लावले. आमच्याकडील पेटी दुरुस्त करणाऱ्यांना हें ऐकून धन्यता वाटावी! पुढें १९७९ सालीं ब्रूस आर्टविक यानें ॲपल संगणकाच्या पडद्यावर कांहीं रेघा हालवून उड्डाणाचा भास केला, आणि त्याच वंशांत १९८२ सालीं मायक्रोसॉफ्टचा पहिला खेळ जन्मास आला. लिंकच्या विमानाला विमानाचें रूप जेमतेम होतें, आर्टविकच्या खेळांतल्या भूमीला भूमीचें रूप नव्हतें. तरी दोहोंपासून लोक शिकले. रूपाची श्रीमंती नंतर आली, आणि तिच्याबरोबर नवा गोंधळही आला.

तो गोंधळ असा. प्रतिकृति करण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतला भेद आज पाहणाराच्या लक्षांत येईनासा झाला आहे. एका लहानशा उदाहरणानें तो जितका कळेल तितका व्याख्येनें कळणार नाहीं. ए-३२० जातीच्या विमानांतून ज्यांनीं प्रवास केला आहे त्यांनीं एक चमत्कारिक आवाज ऐकला असेल. विमान धावपट्टीकडे निघण्याच्या सुमारास, किंवा उतरल्यानंतर सावकाश चालत असतां, पायांखालीं कोणी लांकूड करवतीत आहे असा, किंवा तळघरांत कोंडलेलें कुत्रें भुंकत आहे असा, तो आवाज येतो. कांहीं वेळां होतो आणि थांबतो. नवखा प्रवासी दचकून शेजाऱ्याकडे पाहतो, आणि शेजारी आपणांस सर्व ठाऊक असल्यासारखा खिडकीबाहेर पाहतो. त्या आवाजाचें कारण असें आहे. विमानाचीं चाकें, पंखांच्या फळ्या, शेपटीकडील सुकाणू हीं तेलाच्या दाबानें हलतात. या तेलाचीं तीन स्वतंत्र मंडलें असून त्यांना हिरवें, निळें आणि पिवळें अशीं नांवें आहेत. प्रत्येकांत दर चौरस इंचास सुमारें ३,००० पौंडांचा दाब असतो. डावें एंजिन हिरव्या मंडलाला दाब पुरवितें, उजवें पिवळ्याला. निळ्याचा पंप विजेवर चालतो. हिरव्या आणि पिवळ्या मंडलांच्या दाबांत ५०० पौंडांहून अधिक अंतर पडलें म्हणजे त्या दोहोंमध्यें बसविलेलें एक यंत्र जागें होतें, आणि समर्थाचा जोर दुबळ्याला पोंचवितें. एकाचें तेल मात्र दुसऱ्यांत मिसळूं देत नाहीं. तें यंत्र झटक्याझटक्यानें चालतें, म्हणून तें भुंकणें.

आतां, बाह्य सादृश्य ज्याला पुरे आहे तो कारागीर काय करील? खऱ्या विमानांत बसून तो आवाज ध्वनिमुद्रित करून आणील, आणि एंजिन सुरू झाल्यावर अमुक सेकंदांनीं तो वाजावा अशी तजवीज करील. ऐकणाराला भेद कळणार नाहीं; तो वाहवाच करील. ए-३२-एनएक्सच्या कर्त्यांनीं असें केलें नाहीं. त्यांनीं आधीं तीन मंडलें बांधलीं. पंप, टांक्या, झडपा, दाबाचें चढणें आणि ओसरणें यांचें गणित मांडलें. आणि त्या गणितांत दोन दाबांचें अंतर पडेल तेव्हां तें मधलें यंत्र चालूं दिलें. आवाज हा त्या गणिताच्या शेवटीं आलेला आहे, आरंभीं चिकटविलेला नाहीं. आमच्या तरुण मित्रानें डावें एंजिन तेवढें चालू ठेवून विमान जमिनीवर चालविलें, तेव्हां तो आवाज झाला. मग त्यानें त्या यंत्राची कळ दाबून तें बंद केलें. आवाज थांबला, यांत नवल नव्हतें. परंतु पडद्यावरील पिवळ्या मंडलाचा दाबही खालीं उतरत गेला, आणि त्या दाबावर अवलंबून असलेल्या अंगांनीं आपला अशक्तपणा एकामागून एक जाहीर केला. ज्याच्यावर कोणी बोट ठेवलें नव्हतें तेंही बदललें. या प्रतिकृतीची थोरवी आम्हांला प्रथम येथें दिसली.

मराठी वाचकाला हा भेद अगदींच परका वाटूं नये. गोविंद बल्लाळ देवलांनीं ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हां नांवें बदललीं, पेहराव बदलला, सारा परिसर बदलला. बाह्य सादृश्याच्या मापानें मोजलें तर तें शेक्सपिअरपासून फार दूर गेलेलें नाटक आहे. परंतु संशयाचा एक कण मनांत पडल्यावर तो कसा वाढतो, कशावर पोसतो आणि शेवटीं कोणाचा गळा धरतो, हें आंतलें यंत्र मूळचेंच आहे, आणि रंगभूमीवर तें चालतें. उलट, मूळांतलें एकही विशेषनाम न गाळतां केलेलीं कितीतरी भाषांतरें आपल्या ग्रंथालयांच्या फळ्यांवर निजलेलीं आहेत. त्यांतल्या कळा मुक्या आहेत.

प्रतिकृतिकारांची साधनें पाहिलीं म्हणजे आणखी एक साम्य लक्षांत येतें. विमानाच्या आंतल्या संगणकांना कारखान्यानें दिलेली मूळ संहिता कांहीं त्यांच्या हातीं नाहीं. त्यांच्याजवळ वैमानिकांच्या हस्तपुस्तिका, शिक्षणाचीं टिपणें, प्रत्यक्ष उडविणारांच्या सांगण्यांतले अनुभव आणि कक्षांत घेतलेलीं चित्रें एवढींच साक्षीपुरावा म्हणून असतात; आणि साक्षीदारांचें एकमत नसतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणाऱ्या पंडितांपुढें हीच अडचण होती: मूळ पोथी नाहीं, उतारे पुष्कळ, आणि उतारे परस्परांशीं भांडणारे. १९१९ सालीं आरंभिलेलें तें कार्य १९६६ सालीं पुरें झालें. सुखठणकरांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची शिस्त ही कीं, स्वीकारलेला पाठ वर छापावयाचा आणि टाकलेले पाठ खालीं टीपांत, म्हणजे उद्यां कोणाला आपला निर्णय चुकीचा वाटला तर त्याच्या हातीं साधन राहील. ए-३२-एनएक्सच्या आज्ञावलींत झालेला प्रत्येक फेरफार, तो कोणीं केला, कां केला, आणि त्यावर कोणीं आक्षेप घेतला, हें उघड्या वहींत नोंदलेलें असतें. विषयांच्या मोठेपणाची तुलना आम्ही करीत नाहीं. तळटीपांच्या प्रामाणिकपणाची करतों.

या खेळाच्या रसिकांमध्यें मात्र एक समजूत बळावली आहे, तिचा समाचार घेतला पाहिजे. कोणत्या प्रतिकृतींत किती कळा दाबतां येतात, किती दिवे लागतात, किती पानें पडद्यावर उलटतात, यांची मोजदाद करून तिची प्रत ठरविण्याची चाल पडली आहे. तपशील जितका अधिक तितकें सत्य अधिक, असा हा हिशेब. तो साफ खोटा आहे, आणि त्याचा खोटेपणा दाखविणारें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्याच देशांत, विमानांच्याच विषयांत आहे.

‘वैमानिक शास्त्र’ या नांवाचा संस्कृत ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नांवावर सांगितला जातो. पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं तो १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगितला आणि दुसऱ्यानें लिहून घेतला. १९२३ सालीं त्यांच्या सांगण्यावरून एल्लप्पा नांवाच्या आरेखकानें विमानांच्या आकृत्या काढल्या. तपशिलाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा ग्रंथ कोणालाही हार जाणार नाहीं. वैमानिकानें जाणावयाचीं बत्तीस रहस्यें आहेत. त्याचा आहार कसा असावा, वस्त्रें कशीं असावीं हें आहे. धातूंचीं नांवें आहेत, आरशांचे प्रकार आहेत. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशा चार विमानांचीं मापें आहेत. १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं हीं मापें आणि आकृत्या गणितास लावून पाहिल्या. ग्रंथ १९०४ च्या पूर्वींचा असूं शकत नाहीं, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकत नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

या विषयाचा मोह महाराष्ट्रालाही सुटलेला नाहीं. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा आमच्या पिढीनें लहानपणापासून ऐकिलेली. २०१५ च्या जानेवारींत तिच्यावर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच महिन्यांत मुंबई विद्यापीठांत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनांत प्राचीन विमानविद्येवर निबंधही वाचला गेला. तळपद्यांच्या ध्यासाविषयीं आम्हांला आदर आहे; परंतु त्या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुरावा नाहीं, आणि ध्यास हा पुरावा होत नाहीं. कोणी म्हणेल कीं, अशा कल्पनाही असूं द्याव्या. असूं द्याव्या कीं! १९३६ सालच्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटांत शेवटीं वैकुंठाहून विमान येतें. त्याचे पंख कोणत्या तेलाच्या कोणत्या दाबानें हलतात असें विचारणारा प्रेक्षक आम्हांला अद्याप भेटलेला नाहीं, आणि भेटला तर आम्ही त्याच्याशेजारीं बसणार नाहीं. तें विमान भक्तीचें आहे, आणि भक्तीच्या जागींच उतरतें. तंटा उत्पन्न होतो तो काव्य शास्त्राच्या खुर्चीवर बसूं लागलें म्हणजे.

‘वैमानिक शास्त्रा’च्या तपशिलांत उणें काय आहे, तें नीट पाहावें. त्यांतला एक तपशील दुसऱ्याला बांधलेला नाहीं. बत्तीस रहस्यांचीं चाळीस केलीं तरी विमानाच्या वजनांत फरक पडत नाहीं. एक धातु गाळला तर दुसरा त्याबद्दल तक्रार करीत नाहीं. ही मूळ नसलेली प्रतिकृति आहे, आणि म्हणूनच तिला कोणी खोटी पाडूं शकत नाहीं असें तिच्या कैवाऱ्यांना वाटतें. ए-३२-एनएक्सचा एक पंप काढा, आणि विमान स्वतः उठून तक्रार करतें. संख्येनें तपशील तेथेंही पुष्कळ आहेत. परंतु ते एका कुटुंबांतल्या माणसांसारखे आहेत, एकाला ताप आला तर दुसऱ्याची झोंप जाते. कळा मोजणारे रसिक ज्या मापानें या विमानाची स्तुति करतात, त्या मापानें ‘वैमानिक शास्त्र’ही थोर ठरेल, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

हा निव्वळ कलाविचार आहे असें कोणास वाटेल, तर आम्ही त्याला १४ फेब्रुवारी १९९० या दिवसाकडे नेतों. त्या दिवशीं इंडियन एअरलाइन्सचें ६०५ क्रमांकाचें ए-३२० विमान मुंबईहून बंगळूरला गेलें आणि धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फच्या मैदानावर, जमिनीला लागलें. १४६ माणसांपैकीं ९२ मरण पावलीं. विमानाच्या यंत्रांत मोडतोड झाली नव्हती. उतरतांना एंजिनांची शक्ति संगणकानें सांभाळावी अशी जी योजना या जातींत असते, ती त्या वेळीं गति राखण्याच्या स्थितींत नव्हती. एंजिनें मंद ठेवून खालीं येत राहण्याच्या स्थितींत होती. विमान उंची सोडीत होतें, गतिही सोडीत होतें, आणि हें ज्यांच्या ध्यानांत यावयाचें त्यांच्या ध्यानांत तें आलें तेव्हां वेळ उरला नव्हता.

ही स्थिति वैमानिकाला कळते कोठें? त्याच्या समोरच्या पडद्याच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी असते. संगणक या क्षणीं काय करीत आहे, तें तिच्यावर हिरव्या अक्षरांनीं थोडक्यांत लिहिलेलें असतें. स्थिति बदलली म्हणजे त्या अक्षरांभोंवतीं थोडा वेळ पांढरी चौकट उमटते. बाकी पडद्यावर आकाश निळें दिसतें, भूमि तपकिरी दिसते, चित्रासारखें सुंदर. त्या चित्राच्या डोक्यावरचीं हीं चार-सहा अक्षरें डोळ्यांना नगण्य आहेत, आणि अर्थानें सर्वस्व आहेत. आणखी एक गोष्ट: दोन वैमानिकांच्या पुढें मार्ग दाखविणाऱ्या दांड्या असतात, त्या दोघांनींही बंद केल्या तरच ही योजना आपण होऊन गति राखण्याकडे वळते, एकाची चालू राहिली तर वळत नाहीं. त्या दिवशीं एकीकडची बंद झाली होती आणि दुसरीकडची चालू राहिली होती.

बाह्य सादृश्याच्या कारागिराला ही पट्टी म्हणजे शोभा. तो तिच्यावर हिरवीं अक्षरें उमटवील, तीं योग्य वेळीं बदललेलीं दिसतीलही. परंतु त्या दोन कळांचें परस्परांशीं असलेलें नातें त्याच्या प्रतिकृतींत असणार नाहीं, कारण नातें चित्रांत दिसत नाहीं. ए-३२-एनएक्समध्यें तें आहे. आमच्या मित्रानें उतरतांना एक कळ बंद केली. एंजिनें मंदच राहिलीं, अक्षरें तशींच राहिलीं, गतीचा आंकडा खालीं सरकूं लागला. दुसरी बंद केली तेव्हां अक्षरें बदललीं आणि एंजिनांनीं हुंकार दिला. खोलींत पंख्याचा आणि बाहेर पागोळ्यांचा आवाज होता. इतक्या क्षुल्लक क्रियेवर इतकीं माणसें अवलंबून होतीं, हें आम्हांला त्या अपघाताविषयीं वाचतांना कळलें होतें; येथें तें दिसलें. प्रतिकृतीनें मूळाविषयीं आम्हांला कांहीं शिकविलें, आणि जी प्रतिकृति असें करते तिला केवळ खेळणें म्हणून बाजूला सारतां येत नाहीं.

आतां दोष. पहिला दोष त्याच जागीं आहे, जेथें गुण आहे. परिणामांची सांखळी या प्रतिकृतीनें मोठ्या निष्ठेनें जोडली आहे. परंतु शेवटची कडी जोडलेली नाहीं, जोडतां येण्यासारखीही नाहीं. विमान भूमीला लागलें कीं पुन्हा आरंभ करावयाचा. बंगळूरचें मैदान येथें दर सायंकाळीं धुवून स्वच्छ होतें. वैमानिकांना शिकविणाऱ्या महागड्या यंत्रांतही हेंच होतें, हें खरें. पण तेथें शिकणाराच्या मागें उद्यांचे प्रवासी उभे असतात, त्यामुळें त्याच्या हाताला धाक असतो. येथें धाक नाहीं. विमानाच्या मागच्या भागांत पाहावें तर खुर्च्या आहेत आणि माणसें नाहींत. रडणारें मूल नाहीं, वर फळीवर आंब्याची पेटी कोंबणारा कोंकणस्थ नाहीं. वजनाच्या हिशेबांत प्रवासी धरलेले असतात, म्हणजे ते आंकडा म्हणून आहेत. हा दोष कर्त्यांच्या कौशल्याचा नसून दृष्टीचा आहे: विमान म्हणजे वैमानिकाची खोली, अशी त्यांची समजूत दिसते. विमान सफाई करून सोडणारे, चाक तपासणारे, सामान चढविणारे यांच्या वांट्याला या विमानांत फारसें कांहीं आलेलें नाहीं.

दुसरा दोष विमानाचा नव्हे, ज्या भूमीवरून तें उडतें तिचा आहे. परंतु पाहणाराला दोन्ही एकत्रच दिसतात, म्हणून त्याचा उल्लेख करतों. मित्रानें आम्हांला एकदां रत्नागिरीवरून नेलें. रत्नदुर्गाचें टोंक समुद्रांत शिरलेलें, मिऱ्याचा डोंगर, भाट्याची खाडी, सर्व ओळखतां आलें, आणि ऊर भरून आला हें कबूल केलें पाहिजे. मग तो खालीं उतरला. या खेळांतली भूमि वरून घेतलेल्या छायाचित्रांवरून उभारलेली आहे. वरून छपरें दिसतात, भिंती दिसत नाहींत; तेव्हां बहुतेक गांवांच्या भिंती यंत्रानें आपल्या समजुतीप्रमाणें कल्पिलेल्या. जांभ्याची भिंत त्याला कोठून सुचणार? पडवी, ओटा, गडगा यांचा मागमूस नाहीं. आमचेंच गांव कोणा परप्रांतीयानें ऐकीव माहितीवर सांगावें तसें झालें आहे. तेलाच्या मंडलांत एका पौंडाची चूक खपवून न घेणारें विमान अशा ऐकीव गांवावरून सुखानें उडत जातें, ही विसंगति आम्हांला फार खटकली.

एक आक्षेप आम्हांला एका वृद्ध मित्रानें घातला, तो निराळ्या जातीचा आहे. परक्या कारखान्यानें बांधलेल्या विमानाची हुबेहूब नक्कल करण्यांत इतक्या माणसांची बुद्धि कां खर्ची पडावी? मुंबईस कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनांचें खरें विमान बांधलें. २०१६ सालीं ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनांत लोकांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें, २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली. पुरुषार्थ तो, हा नव्हे, असें त्यांचें म्हणणें. गच्चीवरच्या विमानाविषयीं त्यांना वाटतो तितकाच अभिमान आम्हांलाही वाटतो. परंतु स्वतंत्र काव्य श्रेष्ठ म्हणून टीकाग्रंथ निरुपयोगी, असें आपण म्हणत नाहीं. ए-३२-एनएक्स हा एका यंत्रावरचा टीकाग्रंथच आहे. अशी ओळ न् ओळ लावलेली टीका आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या वांट्याला आली, यंत्रांच्या वांट्याला आलेली नाहीं. ज्या विमानांत बसून हजारों मराठी माणसें रोज मुंबई-पुण्याहून ये-जा करतात, त्याचीं तीन मंडलें कशीं चालतात हें मराठींत समजावून सांगणारें पुस्तक आम्हीं शोधलें, तें आम्हांला मिळालें नाहीं. शेजारचा तरुण हें सर्व इंग्रजींत शिकला, आणि आम्हांला समजावून सांगतांना प्रत्येक अंगाला त्याला मराठी नांव जागच्या जागीं शोधावें लागलें. वर आलेले शब्द पुष्कळसे त्याचेच आहेत.

याच मंडळींनीं पुढें एअरबस ए-३८० हें दुमजली, चार एंजिनांचें विमान हातीं घेतलें, आणि २०२४ सालीं त्याची अपुरी आवृत्ति प्रयोगादाखल सर्वांसाठीं खुली केली. मूळ विमानाचें उत्पादन कारखान्यानें २०२१ सालींच थांबविलें आहे. त्याची घडण निराळी. त्यांत तेलाचीं मंडलें दोनच आहेत, निळें नाहीं, आणि ज्या अंगांना तिसऱ्याचा आधार लागावयाचा त्यांना विजेचा आधार दिलेला आहे. त्यामुळें तें भुंकणेंही त्या विमानांत ऐकूं येत नाहीं. तें पुरें होऊन हातीं आलें म्हणजे त्याचें परीक्षण आम्ही करूं. कसोटी मात्र दुसरी शोधावी लागेल.